चुकीच्या जागी उभे राहणे हा गुन्हा आहे का?



फुटबॉलच्या नियमांची एकूण सतरा कलमे आहेत. त्यातले अकरावे कलम ऑफसाइडचे. मैदानावर आणि मैदानाबाहेर सर्वात जास्त भांडणे याच कलमावरून होतात. आणि गंमत पाहा, खेळाडू ऑफसाइडच्या जागी आहे एवढ्यावरून त्याने काही नियम मोडला असे होत नाही, हे या कलमाने अगदी सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. जागा चुकीची, तरीही माणूस दोषी नाही. मग दोष लागतो केव्हा? कोणी ठरवायचा? आणि आपण चुकीच्या जागी होतो हे ज्याला स्वतःला कळले आहे, त्याने काय करावे? खेळाचा नियम म्हणून सुरू झालेली ही चर्चा बघता बघता नीतीच्या प्रश्नावर येऊन ठेपते.

कोणी म्हणेल, आपल्या चारठाण्यात फुटबॉल कुठून आणला? इकडे मैदान म्हटले की कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट. खरे आहे. कोल्हापूरसारखी गोष्ट आपल्याकडे नाही. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा सामना बघायला लोटतात. मुंबईत तर रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला होता. परंतु २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. नवी मुंबईतही सामने झाले आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्याआधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम सरकारने घेतला. खेड्यापाड्यांतल्या शाळांतही चेंडू पोहोचले. चेंडू आला, चेंडूमागे धावणारी पोरे तर होतीच. नियम मात्र मागे राहिला. 'सर, ऑफसाइड म्हणजे काय?' या प्रश्नाला पुष्कळ ठिकाणी 'अरे, गोलीजवळ जाऊन उभे राहायचे नाही' एवढेच उत्तर मिळते. ते अर्धवट आहे. आणि न्यायाच्या बाबतीत अर्धवट माहिती हे मोठे दुखणे असते.

तेव्हा आधी नियम नीट समजून घेऊ. खेळाडू समोरच्या संघाच्या अर्ध्या भागात असेल, चेंडूच्या पुढे असेल, आणि त्याच्या व गोलरेषेच्या मध्ये विरुद्ध संघाचे दोन खेळाडू नसतील, तर तो ऑफसाइडच्या जागी आहे. त्या दोघांपैकी एक बहुतेक वेळा गोलकीपर असतो, पण असलाच पाहिजे असे नाही. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी बरोबरीत उभा असेल तर तो ऑफसाइड नाही. डोके, धड आणि पाय मोजायचे, हात मोजायचे नाहीत, कारण हाताने गोल करता येत नाही. स्वतःच्या अर्ध्या भागात असेल तर प्रश्नच नाही. गोलकिक, थ्रो-इन किंवा कॉर्नर यांतून चेंडू थेट आला तरी ऑफसाइड नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हे सगळे बघायचे ते सहकाऱ्याने चेंडूला पाय लावला त्या क्षणी. चेंडू आपल्यापर्यंत पोहोचतो त्या क्षणी नव्हे. आपल्याकडचे निम्मे वाद इथेच होतात. पास निघाला तेव्हा मुलगा बचावपटूच्या मागे होता, मग वाऱ्यासारखा धावला आणि चेंडू घेतला तेव्हा गोलीसमोर एकटा होता. प्रेक्षक ओरडतात, 'ऑफसाइड, ऑफसाइड!' त्यांनी शेवट पाहिला, सुरुवात पाहिली नाही.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. चुकीच्या जागी असलेल्या त्या खेळाडूने पुढे काय केले? त्याने चेंडूला पाय लावला, किंवा गोलीच्या नजरेआड उभा राहून त्याला अडवले, किंवा खांबाला आपटून परत आलेला चेंडू उचलला, तरच शिट्टी. बाजूला उभा राहिला, कोणाच्या मध्ये आला नाही, तर खेळ चालू. कबड्डी खेळलेल्यांना हे पटकन कळेल. चढाई करणाऱ्याने स्पर्श होण्याआधी लॉबीत पाय ठेवला तर तो बाद. पण झटापट सुरू झाली की तीच लॉबी मैदान ठरते. जमीन तीच, पाय तोच. फरक आहे तो त्या पावलाचा खेळाशी काय संबंध आहे याचा.

आता थोडे मागे जाऊ. हा नियम मोठ्या क्लबांनी किंवा सरकारांनी केलेला नाही. तो इंग्लंडमधल्या शाळांतून आला. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. परंतु चेंडू मागे झगडत आणणाऱ्या सोबत्यांना सोडून एखाद्याने पुढे जाऊन गोलाजवळ टपून बसायचे, हे बहुतेक शाळांतल्या मुलांना आवडत नसे. ईटनच्या शाळेत तर या कृत्याला जो शब्द होता त्याचा अर्थ चोरटेपणा असा होतो. 'ऑफसाइड' या शब्दातही तेच आहे: आपल्या बाजूपासून, आपल्या माणसांपासून सुटलेला. म्हणजे आरंभी हा नियम मोजपट्टीचा नव्हता, चारित्र्याचा होता. मेहनत इतरांची, फळ माझे, असे चालणार नाही, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी एकमेकांना बजावले होते.

१८६३ मध्ये लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम लिहिले तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला जवळजवळ प्रत्येक जण ऑफसाइड होता. १८६६ मध्ये सवलत आली: पुढे विरुद्ध संघाचे तीन खेळाडू असतील तर चालेल. मग पळवाटा शोधणारे आलेच. न्यूकॅसल संघाचा बिल मॅक्रॅकन हा बचावपटू योग्य क्षणी दोन पावले पुढे सरकायचा आणि समोरचा आक्रमक होता तिथेच उभा राहून ऑफसाइड व्हायचा. इतर संघांनीही हा डाव उचलला. सामने शिट्ट्यांनी भरले, गोल आटले. शेवटी १९२५ मध्ये तीनऐवजी दोन असा बदल झाला. इंग्लंडच्या लीगमध्ये आदल्या हंगामात ४,७०० गोल झाले होते, नव्या नियमाने पुढच्या हंगामात ६,३७३ झाले.

मॅक्रॅकनने फसवणूक केली का? माझ्या मते नाही. त्याने नियम मोडला नाही, नियम वापरला. आजही बचावफळी एका ओळीत पुढे सरकून असा सापळा लावते आणि ते कौशल्यच मानले जाते. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. टपून बसणाऱ्याला आवरण्यासाठी केलेला नियम, ज्याने काहीच केले नाही अशा माणसाला अडकवायला वापरता येऊ लागला. ज्यासाठी नियम केला ते कामच उलटे झाल्यावर नियम बदलावा लागला. तोही सामना चालू असताना कोणाच्या मर्जीने नव्हे, तर सर्वांनी बसून, सर्वांसाठी.

आजच्या नियमात हेतू बघितला जात नाही. दमून धापा टाकत परतणारा मुलगा आणि मुद्दाम टपलेला मुलगा, दोघांना एकच माप. कोणाला हे कठोर वाटेल. पण दुसरी बाजूही पाहा. ऑफसाइडला पिवळे कार्ड नाही, लाल कार्ड नाही, ताकीदही नाही. समोरच्या संघाला एक अप्रत्यक्ष फ्रीकिक मिळते आणि खेळ पुढे जातो. नियम म्हणतो, यातून मिळालेला फायदा तुला ठेवता येणार नाही, एवढेच. तू वाईट आहेस असे तो म्हणत नाही. चूक दुरुस्त करणे आणि माणसाला दोषी धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांनी कोणी या कलमात राखले त्यांचे मला कौतुक वाटते. आपण मात्र रेषेबाहेरून ओरडतो, 'चोर, चोरीचा गोल!' आई-वडीलसुद्धा ओरडतात. पोरगे तेरा वर्षांचे असते.

आता शाळेच्या सामन्याकडे येतो. खरी अडचण इथे आहे. नियम म्हणतो, एक पंच आणि दोन्ही बाजूंना झेंडी घेऊन एकेक सहाय्यक पंच. तालुक्याच्या सामन्याला एक शिट्टीवाले सर मिळाले तरी पुष्कळ. मग झेंड्या कोणाच्या हाती द्यायच्या? इकडे एका शाळेचे पी.टी.चे सर, तिकडे दुसऱ्या शाळेचे. किंवा बसलेला एखादा राखीव खेळाडू. समजा, शेवटची पाच मिनिटे उरली आहेत, बरोबरी आहे. सरांच्या शाळेचा मुलगा पुढे निसटतो. पास निघाला तेव्हा तो एक पाऊल पुढे होता, हे सरांनी पाहिले आहे. शिट्टीवाले सर मैदानाच्या मध्यापासून धावत येत आहेत, त्यांना दिसलेले नाही. चेंडू जाळ्यात. झेंडी सरांच्या हातात आहे.

यात काय पणाला लागले आहे ते हलके समजू नका. जिंकणारा संघ तालुक्यावरून जिल्ह्याला जातो, जिल्ह्यावरून पुढे. ठरावीक पातळी गाठणाऱ्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. शेतमजुराच्या मुलासाठी ते गुण म्हणजे पुढच्या प्रवेशाचा प्रश्न असू शकतो. सरांना हे ठाऊक आहे. त्या मुलाचे घरही त्यांना ठाऊक आहे. झेंडी खाली ठेवली तर कोणी काही म्हणणार नाही, कारण कोणी पाहिलेच नाही.

काही जण म्हणतील, गरिबाच्या पोराचे भले झाले तर त्यात काय बिघडले? मला हा युक्तिवाद पटत नाही. समोरच्या अकरांतही शेतमजुरांची पोरे आहेत. फरक इतकाच की त्यांची घरे सरांना माहीत नाहीत. ज्याची ओळख आहे त्याचे दुःख मोठे आणि ज्याची ओळख नाही त्याचे लहान, असे मानून हातात झेंडी धरता येत नाही. सरांनी झेंडी वर करावी. मुलांना राग येईल. काही दिवस येईलही. पण त्यांच्यातला एखादा उद्या तलाठी होईल, शिक्षक होईल, कुठल्यातरी रांगेत कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरवायला बसेल. त्या वेळी आपल्या सरांची वर गेलेली झेंडी त्याला आठवली तर बरे.

बेइमानी नसतानाही चूक होते, हेही सांगितले पाहिजे. ऑफसाइड पाहायचे तर सहाय्यकाने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी सरळ रेषेत असावे लागते. दोन पावले पुढे किंवा मागे राहिला की तिरक्या नजरेमुळे बरोबरीतला खेळाडू पुढे दिसतो, पुढचा बरोबरीत दिसतो. २००० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आम्स्टरडॅमच्या संशोधकांनी हेच दाखवले: सहाय्यक पंचांच्या बऱ्याच चुका त्यांच्या उभे राहण्याच्या जागेतून येतात. शिवाय लाथ बसते एका ठिकाणी आणि रेषा असते दुसऱ्या ठिकाणी. एका डोळ्याने इकडे, एका डोळ्याने तिकडे असे कोणालाच जमत नाही. म्हणजे ऑफसाइडचा निकाल देणाऱ्याने आधी आपण कुठे उभे आहोत हे तपासायचे असते. पंचाला शिव्या देण्याआधी आपण स्वतः कोणत्या कोनातून पाहत होतो, हे प्रेक्षकांनीही विचारावे. गोलामागच्या झाडाखाली बसून ऑफसाइड दिसत नाही.

आणि तो गोल करणारा मुलगा? त्याने स्वतःहून सांगावे का? इथे मी थोडा सावध आहे. हाताला चेंडू लागला तर खेळाडूला ते नक्की कळते, कातडीला कळते. ऑफसाइडचे तसे नाही. धावणाऱ्याचे डोळे चेंडूवर असतात, बचावपटू पाठीमागे असतो. आपण पुढे होतो की बरोबरीत, हे त्याला बहुतेक वेळा खरोखरच ठाऊक नसते. जे ठाऊक नाही त्याची कबुली मागणे म्हणजे मुलाला खोटी शंका कबूल करायला लावणे. तेव्हा शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहा, हेच त्याला शिकवावे. पंचाचे काम पंचाला करू द्यावे. मात्र ज्याला पक्के ठाऊक आहे, आणि पंचाने जवळ येऊन विचारले, तर त्याने खोटे बोलू नये. गप्प राहून निकालाची वाट पाहणे आणि विचारल्यावर खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे.

मोठ्यांच्या खेळातही हा पेच सुटलेला नाही. २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात अर्जेंटिना आणि मेक्सिको समोरासमोर होते. कार्लोस टेवेझने डोक्याने गोल केला तेव्हा तो उघड ऑफसाइड होता. झेंडी वर गेली नाही, गोल दिला गेला. आणि मग स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर तोच क्षण पुन्हा दाखवला गेला. हजारो लोकांनी पाहिले. मेक्सिकोच्या खेळाडूंनी पंचांना पडद्याकडे बोट करून दाखवले. इटलीचे पंच रॉबर्टो रोझेट्टी सहाय्यकाशी बोलले. परंतु चित्रफीत पाहून निकाल बदलण्याची त्या काळी परवानगी नव्हती. गोल कायम राहिला. अर्जेंटिना ३-१ ने जिंकले.

रोझेट्टींच्या जागी आपण असतो तर? सत्य सर्वांसमोर भिंतीएवढे दिसते आहे आणि नियम म्हणतो, ते तुला वापरता येणार नाही. मनापासून वाटते की त्यांनी गोल रद्द करायला हवा होता. पण मग पुढच्या सामन्यात पडदा कोणी चालवायचा, कोणता क्षण दाखवायचा आणि कोणता दाबायचा, हे पडदा चालवणाऱ्याच्या हाती गेले असते. मला वाटते रोझेट्टींनी जे केले ते त्या दिवशी अन्यायाचे होते, आणि तरीही त्यांच्या जागी तेच करणे भाग होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. दुरुस्ती नंतर आली. २०१८ च्या विश्वचषकापासून चित्रफीत पाहून निकाल देण्याची रीत सुरू झाली.

मग भांडण मिटले का? नाही. २०२२ मध्ये कतारला तर यंत्रेच लावली: छताखाली बारा कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे एकोणतीस बिंदू, चेंडूत संवेदक. पहिल्याच सामन्यात तिसऱ्या मिनिटाला इक्वाडोरचा एन्नर व्हॅलेन्सियाचा गोल रद्द झाला आणि निम्म्या जगाला का ते कळेना. पुढे सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे तीन गोल एकाच सामन्यात ऑफसाइडमध्ये गेले आणि सौदीने २-१ ने सामना जिंकला. आता लोक विचारतात, चार बोटांच्या फरकाने कोणाला कसला फायदा मिळाला? आर्सेन वेंगर यांच्यासारखा जाणकार म्हणतो, दोघांच्या मध्ये स्पष्ट मोकळी जागा दिसली तरच ऑफसाइड द्या. माप जितके बारीक झाले तितका मूळ प्रश्न पुन्हा वर आला: हे मोजतो आहोत ते कशासाठी?

शब्दाला चिकटण्याचे उदाहरण २०२१ चे. १० ऑक्टोबरला मिलानमध्ये फ्रान्स आणि स्पेनचा अंतिम सामना. किलियन एम्बापे ऑफसाइडच्या जागी होता. त्याच्याकडे जाणारा चेंडू अडवायला स्पेनचा एरिक गार्सिया घसरत गेला आणि त्याच्या पायाचा चेंडूला ओझरता स्पर्श झाला. विरुद्ध संघाच्या खेळाडूने मुद्दाम चेंडू खेळला तर ऑफसाइड राहत नाही, असा नियम. म्हणून गोल मान्य झाला आणि फ्रान्स जिंकले. म्हणजे गार्सियाने प्रयत्नच केला नसता तर स्पेन वाचले असते! पंच शब्दाप्रमाणे बरोबर होते. तरीही नियम करणाऱ्यांनी २०२२ मध्ये खुलासा केला की 'मुद्दाम खेळला' म्हणजे चेंडूवर ताबा मिळवण्याची खरी संधी होती, नुसता धडपडून पाय लागला असे नव्हे.

आपल्या मैदानावर बारा कॅमेरे येणार नाहीत, यायची गरजही नाही. तिथे दोन साध्या गोष्टी उपयोगी पडतात, आणि दोन्ही सहाय्यक पंचांना शिकवल्या जातात. एक, शंका असेल तर झेंडी खाली ठेवा. आक्रमण करणाऱ्याला संशयाचा फायदा द्या. दोन, घाई करू नका. चुकीच्या जागी उभा असलेला मुलगा चेंडूला पाय लावतो की नाही, हे दिसेपर्यंत थांबा. लोक म्हणतील, झोपले होते का? म्हणू द्या.

पुष्कळ ठिकाणी शिट्टीवाले सर आणखी एक करतात. सामन्याआधी दोन्ही शाळांच्या झेंडीवाल्यांना बोलावून सांगतात, 'तुम्ही फक्त चेंडू रेषेबाहेर गेला की झेंडी करा, ऑफसाइड माझे मी बघतो.' यामुळे भांडणे कमी होतात हे खरे. पन्नास पावले मागून धावणाऱ्या माणसाला ऑफसाइड धड दिसत नाही हेही तितकेच खरे. पी.टी.च्या सरांवर विश्वास टाकून चुकीचा धोका पत्करायचा, की कोणावरच विश्वास न टाकता आंधळ्या निकालाचा धोका पत्करायचा? माझा कल पहिल्याकडे आहे. आपल्या गावातल्या काही क्रीडाशिक्षकांचे मत याच्या उलट आहे, आणि ते माझ्यापेक्षा जास्त सामने पाहिलेले आहेत.